चिखलातली पावलं

तळ्याचं पाणी रोज थोडंथोडं मागे सरत होतं. खाऱ्या तळ्याकाठच्या रोहित पक्ष्यांना आता पोटासाठी लांबच्या पाण्यावर जावं लागे, आणि पिल्लं न्यायची सोय नव्हती. म्हणून उथळ पाण्यात त्यांनी पाळणथवा मांडला होता. शंभरेक करडी पिल्लं, आणि त्यांच्यावर डोळा ठेवायला म्हातारी तानूमावशी.

रीत साधी होती. मावशी ओल्या चिखलात चोचीनं रेघ ओढायची. जे पिल्लू आपल्या पायांनी रेघ ओलांडेल, ते थव्यात राहण्याजोगं झालं. आईनं मात्र अलीकडेच थांबायचं.

केशराचा पिटूक काही केल्या रेघ ओलांडेना. पाच सकाळी गेल्या. मायलेक रेघेपर्यंत यायची, पिटूक गळा काढायचा, आणि दोघं आल्या वाटेनं परत. एकट्या बापाच्या फेऱ्यांवर तिघांचं भागत नव्हतं. केशराच्या गळ्यात पिल्लाला भरवायच्या दुधाचा थेंब उरला नव्हता. पिटूक उभ्या उभ्या पेंगायचा, आणि वर घार घिरट्या घालत होती. मलूल पिल्लू तिला लांबूनही बरोबर कळतं.

सहाव्या सकाळी केशरा भडकलीच. "तुमचं बरं आहे हो मावशी, रेघ ओढली की सुटलात! माझं लेकरू रडून रडून अर्धं झालं. त्याची तयारीच नाही अजून."

"रडतो खरा," मावशी म्हणाली. "कोणाचं रडत नाही? पण इकडे ये जरा. वारा सुटून पाणी चढायच्या आत बघून घे."

कालची पावलं अजून ताजी होती. छोटी पावलं सरळ रेघेपर्यंत आली होती. एका पावलाची नखं तर रेघेवरच टेकलेली. शेजारी मोठी पावलं. तिथून दोन्ही माघारी वळली होती. केशरानं मान खाली घालून नीट पाहिलं. मागे वळलेल्या मोठ्या पावलाचा ठसा खाली होता. छोटं पाऊल त्याच्यावर उमटलं होतं.

म्हणजे आधी वळली होती ती स्वतःच. मावशी पिल्लांकडे निघून गेली.

पिटूकनं रेघेपाशी नेहमीसारखा गळा काढला. केशराचा पाय उचलला गेला. घारीची सावली चिखलावरून सरकली. केशरानं तो पाय परत होता तिथेच दाबून ठेवला. पिटूकनं आईकडे पाहिलं, पलीकडे चिखल उडवणाऱ्या पिल्लांकडे पाहिलं, पुन्हा आईकडे पाहिलं, आणि रडत रडतच पलीकडे गेला. शंभर आवाजांतून त्याचं रडणं तिला वेगळं ऐकू येत होतं. मग ते थांबलं. तरी ती कितीतरी वेळ तशीच उभी राहिली, आणि मग उडाली.

ऊन कलल्यावर ती गळाभर दूध घेऊन परतली. एकच साद घातली. थव्यातून एकानं ओ दिली आणि तो धावत सुटला. रेघ ओलांडून येताना पिटूक, सकाळी केशरा उभी होती तिथल्या, पाण्यानं भरलेल्या एका खोल खड्ड्यात धप्पकन पडला. खड्ड्याला तीन लांब बोटं होती, तिन्ही थव्याकडे रोखलेली. केशरा पुढे झेपावणार, तोच तो आपला आपण बाहेर आला, आईच्या चोचीतून पोटभर प्यायला, आणि दुसऱ्या खड्ड्याला वळसा घालून परत रेघेपलीकडे पळाला.