घंटेतील शिशाबाबत

विषय : ग्रामदेवीच्या नव्या घंटेत शिसे मिसळले आहे किंवा कसे, याबाबत.
संदर्भ : देवस्थानचे अध्यक्ष दादासाहेब चौरे यांची तक्रार व घंटा ओतणारे जगन ओतारी यांचे त्यावरील म्हणणे.

उपरोक्त विषयी हकीकत अशी, की एका तालुक्याच्या गावी एक भोळा शिपाई होता. नाव पुंजाराम. धातू तपासणी केंद्रात कामाला होता. सांगितलेले तो कधी विसरत नसे. अडचण तीच होती.

केंद्रात एक यंत्र होते. लेसरचा झोत नमुन्यावर सोडला, की टाचणीच्या टोकाएवढ्या जागी धातूची वाफ होऊन ठिणगी पेटे. शिकलेले लोक तिला प्लाझ्मा म्हणतात. त्या ठिणगीत तांब्याचा उजेड निराळा, कथलाचा निराळा, शिशाचा निराळा. उजेड पाहून नमुन्यात काय काय आहे ते कळे. यंत्र निकुंभ मॅडम चालवत. यंत्र त्यांना समजले होते. पुंजाराम समजायचा होता.

मॅडमनी त्याला पहिला धडा दिला. "नमुन्याला हात लावायचा नाही. घामातलं मीठसुद्धा उजेडात दिसतं. चिमट्यानं धरून आणायचं."

"जी."

त्याच दुपारी दादासाहेब आणि जगन भांडत आत आले.

"आवाज ऐका तिचा! म्हशीच्या गळ्यातलं लोढणं बरं," दादासाहेब म्हणाले. "शिसं घातलंय यानं."

"जुनी घंटा माझ्या आजोबांनी ओतली, नवी मी. तोच हात, तोच धातू," जगन म्हणाला. "मॅडम, तुम्हीच सांगा काय ते. या बोभाट्यापायी कुणी मला समईसुद्धा ओतायला देईना."

एवढ्यात पुंजारामने चहा आणला. कप चिमट्यात होता. चहा दादासाहेबांच्या लेंग्यावर गेला.

"अरे गाढवा!"

"माझं मीठ नको लागायला, दादासाहेब."

मॅडम म्हणाल्या, "पुंजाराम, माणसाला काही द्यायचं ते दोन्ही हातांनी, अदबीनं द्यावं."

दुसऱ्या दिवशी एका कारखान्यातून पोलादाचा तुकडा आला. पुंजारामने तो ओंजळीत घेऊन, वाकून, मॅडमना दिला. मॅडम माणूसच होत्या. उजेडात पोलादाच्या आधी मीठ दिसले.

"वरचा थर कधी खरा धरू नये," मॅडम वैतागून म्हणाल्या. "झोताचे पहिले काही झटके वाया घालवायचे. घाण उडून गेली, की मग येतं ते खरं."

मग संचालकांचा फोन आला. पुंजाराम शेजारी शांत बसून राहिला. फोन वाजला, थांबला, पुन्हा वाजला. बऱ्याच वेळाने त्याने उचलला.

"झोपला होतास काय रे?"

"नाही साहेब. पहिले काही वाया घालवले. आता तुम्ही खरे."

यावर मॅडमना लेखी खुलासा द्यावा लागला. त्यांनी पुंजारामला बजावले, "येईल ते ताबडतोब घ्यायचं. कणसुद्धा वाया घालवायचा नाही. प्रत्येकाला वेगळी चिठ्ठी लावायची."

पुढे कुणाच्या शेतातली माती आली. पुंजाराम दिवसभर जेवला नाही. संध्याकाळी टेबलावर ढेकळे मांडलेली होती आणि प्रत्येक ढेकळाला चिठ्ठी होती.

"अरे देवा! शेत एकच ना? मग सगळं एकजीव करायचं, दाबून वडी पाडायची. यंत्राच्या पेटीत मावेल एवढी."

"जी. एकजीव. वडी."

यानंतर घंटांची पाळी आली. जुनी घंटा तडकली होती, म्हणून तर नवी ओतली; पण जुनीच्या धातूविषयी गावात कोणाला शंका नव्हती. मॅडमनी दोन्ही मागवल्या. जुनीशी ताडून नवीची परीक्षा करायची होती. त्याच दिवशी त्यांना बैठकीला जिल्ह्याला जावे लागले.

"दोन्हींचे नमुने तयार करून ठेव," त्या जाताना म्हणाल्या. "पेटीत मावतील असे."

पुंजारामने पेटी पाहिली. पानाच्या डब्याएवढी होती. घंटा पाहिल्या. मावत नव्हत्या. देऊळही एकच होते. त्याने दोन्ही घंटा हातगाडीवर घातल्या आणि रस्त्यापलीकडच्या भट्टीवर नेल्या.

"दोन्ही?" भट्टीवाल्याने विचारले.

"एकजीव."

"देवीच्या आहेत रे!"

"आता सरकारी आहेत. वड्या पाडा."

वड्या घेऊन तो केंद्रात परतला, तोच मॅडमचा फोन आला. "नमुने झाले?"

"झाले, जी."

"दोन्हींचे वेगवेगळे आहेत ना? चिठ्ठ्या लावल्यास?"

"लावतो, जी."

त्याने एक वडी घेऊन करवतीने तिचे दोन तुकडे केले. एकाला चिठ्ठी लावली 'नवी', दुसऱ्याला 'जुनी'. कोणता तुकडा कोणाला, यावर त्याने बराच विचार केला. शेवटी मोठा जुनीला दिला. वडीलधारी म्हणून.

परतल्यावर मॅडमनी दोन्ही तुकड्यांवर झोत सोडला. पहिले झटके वाया घालवले. मग पडद्यावर दोन्ही उजेडांची रेषेवर रेष ठेवून पाहिली. पुन्हा पाहिली. दादासाहेब आणि जगन दाराशी उभे होते.

"असं साम्य मी आजवर पाहिलं नव्हतं," मॅडम म्हणाल्या. "तांबं सारखं, कथील सारखं, शिसंसुद्धा सारखं."

"शिसंसुद्धा?" जगनच्या तोंडून निघून गेले. मग त्याने घाम पुसला आणि मान ताठ केली. "असणारच. आजोबांचा हात आहे."

आजोबांच्या घंटेला नाव ठेवण्याची दादासाहेबांची छाती नव्हती. त्यांनी जगनची चारचौघांत माफी मागितली. अहवालावर सही झाली, शिक्का बसला. जगनकडे समया येऊ लागल्या.

मग दादासाहेब म्हणाले, "द्या आता घंटा. जत्रा तोंडावर आली."

पुंजारामने टेबलाखालून एक पोते ओढले.

"घ्या. नवी, जुनी, दोन्ही यातच आहेत. वजन करून घ्या."

पोत्यात वड्या होत्या. मॅडम खाली बसल्या. खुर्ची होती, पण तिथे नव्हती.

सद्यःस्थिती अशी. अहवाल रद्द केला, तर जगनवरचा आळ परत येतो आणि तपासायला घंटा उरलेली नाही. अहवाल कायम ठेवला, तर सरकारदप्तरी दोन वेगवेगळ्या घंटा अस्तित्वात आहेत आणि त्या देणे केंद्रावर बंधनकारक आहे. दोन्ही घंटा परत मिळाव्यात, असा देवस्थानचा अर्ज आहे. अहवालाला कोणी हात लावू नये, असा जगनचा अर्ज आहे. जत्रा घंटेविना पार पडली. दोन्ही अर्ज प्रलंबित आहेत.