थेंब पुसण्याआधी

“पण पाणी आत जातच नाही बाई, त्याला मी काय करू?”

प्रफुल्ल मडावीने अकरावा तुकडा टेबलाखालच्या टोपलीत भिरकावला. प्रयोगशाळेत असं काही भिरकावायचं नसतं. पण त्या दुपारी त्याला ते सांगायला जाणार कोण?

ढवळेबाई खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. दारावरच्या पाटीवर त्यांच्या पदव्यांना दोन ओळी लागत. विद्यार्थी मात्र नुसतं बाई म्हणत.

“काय काय केलंस ते सांग.”

“सगळं बरोबर केलं जी. साखर जराशी ओली करून साच्यात दाबली. तिच्यावर पातळ सिलिकोन ओतलं. ते घट्ट झाल्यावर साखर कोमट पाण्यात विरघळवून काढली. भोकंच भोकं झाली, बघा ना. तुम्ही सांगितलेलं ते साबणासारखं द्रव्यही सिलिकोनमध्ये आधीच मिसळलं होतं.”

“मग?”

“मग काय! थेंब ठेवला की अळूच्या पानावर बसावा तसा गोल. सिलिकोन ते सिलिकोनच. पाण्याशी त्याचं वैर.”

बाळाच्या दुधाच्या बाटलीचं निपल ज्या रबराचं असतं, तेच हे. प्रफुल्लला त्याचा असा स्पंज हवा होता, जो पाणी आपणहून ओढून घेईल. काडेपेटीएवढ्या डबीत तो बसवायचा. वरून विहिरीचं किंवा हातपंपाचं थेंबभर पाणी टाकायचं. मोटर नको, वीज नको. स्पंजच ते पाणी रंग बदलणाऱ्या कागदापर्यंत नेणार, आणि त्यात दात-हाडं बिघडवणारं फ्लोराइड किती ते जागच्या जागी कळणार.

त्याच्या गावात, खैरबोडीत, सहा हातपंप होते. त्यातल्या कुठल्याचं पाणी प्यावं आणि कुठल्याचं नाही, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. धाकट्या बहिणीचे दात पिवळे पडले होते. वडिलांचे गुडघे धरले होते.

“मी सोडतो बाई. उद्यापासून येत नाही.”

बाईंनी टेबलाखालच्या टोपलीकडे पाहिलं.

“माझ्या हातात खोट नाही,” तो पुढे म्हणाला.

हे मात्र खरं होतं. इतका झपाझप चालणारा हात त्या मजल्यावर दुसरा नव्हता. आणि ही गोष्ट सगळ्यात आधी त्यालाच माहीत होती.

“थेंब ठेवल्यावर तू काय करतोस?”

“काय करणार? आत गेला नाही की पुसतो. पुढचा तुकडा घेतो.”

बाई उठल्या. टेबलाला धरून हळूहळू खाली वाकल्या आणि त्यांनी टोपलीत हात घातला.

“बाई, मी देतो ना...”

तोवर त्यांनी एक तुकडा काढलाही होता. त्याच्यावर फुंकर मारून तो टिपकागदावर ठेवला. ड्रॉपरने एक थेंब सोडला.

थेंब गोल बसला.

“बघा!” प्रफुल्लचा हात सवयीने फडक्याकडे गेला.

बाईंनी त्याचं मनगट धरलं.

...

पंखा फिरत होता. थेंब होता तसाच होता.

“बाई...”

“श्श.”

...

थेंबाची कड जराशी पसरली. मग तो बसका झाला. मग निम्मा उरला. मग तिथे नुसता ओला डाग होता, आणि खालचा टिपकागद भिजत चालला होता.

प्रफुल्लने टोपली उपडी केली आणि तिथेच फतकल मारली. उरलेल्या दहा तुकड्यांवर एकेक थेंब ठेवला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच दोन्ही हात मांडीखाली दाबून गप्प बसला.

आठ तुकडे पाणी प्यायले. दोन खरोखरच बिघडलेले होते.

“आधी का नाही प्यायले हे?”

“ते द्रव्य कोरड्यात आत दडून बसतं. दारात पाणी आलं की मग बाहेर येतं. कडी काढायला वेळ लागतो रे.”

त्याला हसू आलं आणि त्याच वेळी डोळेही भरले. दोन्ही लपवायला जागा नव्हती. तो बाईंच्या पायाशीच बसलेला होता.

“बाई, एक बोलू? पहिली दोन वर्षं मी तुम्हाला दाखवावं असं काहीच केलं नाही. संशोधन समितीने दोनदा सांगितलं, या पोराला काढा. तुम्ही काढलं नाही. मला सगळं माहीत होतं जी. पण कधी तोंड उघडलं नाही. तुमचे फार उपकार आहेत माझ्यावर.”

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. तो स्वच्छच होता.

“वही काढ. पद्धत लिहून घे. खैरबोडीत थेंब टाकणाऱ्या माणसाला ती वाचता आली पाहिजे.”

प्रफुल्लने वही मांडीवर घेतली. लिहिता लिहिता मोठ्याने वाचू लागला.

“पाण्याचा एक थेंब ठेवावा. पुसू नये. मग थांबावं...”

पेन अडलं. त्याने वर पाहिलं.

“किती वेळ थांबावं असं लिहू, बाई?”

बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

“तुझ्या वेळी मी मोजला नव्हता.”