टोचलेल्या कानाचं बाळ

या चर्चात आलं की सगळे त्या रडणाऱ्या बाईच्या पुतळ्यापुढेच काय थबकता हो? इकडे या, वेदीच्या डाव्या हाताला. हे निजलेलं संगमरवरी बाळ बघा. खाली नाव सायबाच्या पोराचं कोरलंय. आता त्याचा कान बघा. टोचलेला आहे! सायबाच्या पोराचे कान कुणी टोचतं होय?

निंबखेडला गोरी पलटण होती तेव्हाची ही गोष्ट. या भिंतीवरचे सगळे पुतळे विलायतेतल्या एकाच शिल्पकारानं घडवले, असं सांगतात. त्यानं निंबखेड कधी पाहिलं नाही. इथं कुणी मेलं की चेहऱ्याचा ठसा तिकडे जायचा, त्यावरून तो छिन्नी उचलायचा, आणि वर्षभरानं बोटीतून पेटी यायची.

मेजरसायबाच्या बाळाला पाजायला सगुणा नावाची दाई होती; सायबाच्या घरी तिला 'आया' म्हणत. तिचा म्हादूही तेवढाच. आधी सायबाचं पोर पाजायचं, उरलं तर म्हादूला. पण जीव तिनं दोघांनाही लावला. पटकीची साथ आली आणि सायबाचं बाळ सकाळी आजारी पडून दुपारी गेलं. साथीचं मरण, लगेच पुरलं. मग मडमेच्या लक्षात आलं, शिल्पकाराला चेहऱ्याचा ठसा पाठवायचा तर आता चेहरा कुठला? ती वेडीपिशी झाली. सगुणाला म्हणाली, "दोघं तुझ्याच दुधावर वाढली, आया. तोंडवळा तोच आहे. तुझ्या पोराचा ठसा घेऊ दे."

सगुणाला नाही म्हणवेना. ओल्या प्लॅस्टरखाली पोर हललं तर ठसा बिघडणार, म्हणून तिनं त्याला अफू चाटवली. तेव्हा घरोघरी बाया तान्ह्यांना निजवायला अफू देतच. हिनं त्या दिवशी जरा जास्त दिली. त्याच्या कानातली बाळी काढून पदराला बांधली. पलटणीच्या डॉक्टरानं नाकात नळ्या घालून कानासकट चेहऱ्याचा ठसा घेतला. ठसा फार सुरेख आला म्हणे. म्हादू मात्र उठला नाही.

वर्षानं पुतळा आला. तो बसवला त्या दिवशी नोकरमाणसांना दारापर्यंत यायची मुभा होती. सगुणानं दारातून पाहिलं आणि गोऱ्यांच्या मधून सरळ चालत आत आली. शिल्पकार बिचारा इमानी. ठशात दिसलं ते सगळं त्यानं कोरलं होतं, कानाचं भोकसुद्धा. तिनं पदराची गाठ सोडली, बाळी त्या दगडी कानात घातली.

"नाव तुमचं राहू द्या, बाईसाहेब," ती म्हणाली. "पोर माझं आहे. मीच मारलं त्याला."

पाद्री बाळी काढायला पुढे झाला, तर मडमेनं त्याचा हात धरला.

"दोघींनी, आया," ती म्हणाली.

सगुणा मरेपर्यंत इथं येत राहिली म्हणे. पुतळ्याच्या गालावर हात ठेवून म्हणायची, "म्हादू, एकदा रड की रे."

आजही निंबखेडात कुठल्याही घरच्या बाळाचे कान टोचायचे असले, तर आधी इथं आणतात. त्याची बाळी या दगडी कानाला लावतात आणि सोनार इथंच सुई टोचतो. पोर असा टाहो फोडतं की छप्पर दणाणतं. पण त्याला गप्प कुणी करत नाही. पाद्रीबाबासुद्धा प्रार्थना थांबवून उभे राहतात. आई त्याला छातीशी धरते आणि म्हणते, "रड बाळा. मोठ्यानं रड."