बाभळीची टोपली

खाडीकाठच्या त्या बंदरात भवानजीराव देसाई म्हणतील ती पूर्व दिशा. एकदा त्यांनी सदरेवर फर्मान सोडलं, "लोखंडी तराजू या मुलखात आणला माझ्या पणजोबांनी. त्याला 'काटा' म्हणायला लागले तेही तेच. कोळ्यांनी ते नाव उचलून माशाच्या काट्याला दिलं. त्याचा मोबदला म्हणून मासळीची पहिली टोपली रोज आमच्या घरी आली पाहिजे!"

मासळीबाजार जिच्या धाकात चालायचा ती पोशीबाई पदर खोचून पुढे झाली.

"सरकार, पणजोबा तराजू घेऊन आले कुठून?"

"घाटावरून! डोक्यावर तराजू, बाभूळबनातून अनवाणी!" देसायांची छाती फुगली.

"अगं बाई! मग वाटेत पायात काय मोडलं म्हणून ओरडले असतील हो?"

सदर खुसखुसली.

"नाव बाभळीचं, सरकार. आम्हीही तिचंच घेतलं, तुम्हीही तिचंच. मोबदला द्यायचाच तर दोघं मिळून तिला देऊ."

देसाई आधी लाल झाले, मग खदखदून हसले.

दुसऱ्या दिवशी बंदराच्या वाटेवरच्या एकुलत्या बाभळीला त्यांनी स्वतः घागरभर पाणी घातलं. टोपल्या बाजारातच राहिल्या.