सशाचे लोकरीचे घर

मुलांनो, घाटमाथ्यावर एक जंगल आहे. पावसाळा सुरू झाला की तिथे ढग खाली उतरून झाडांत शिरतात आणि दिवसचे दिवस हलत नाहीत. त्या जंगलात एक ससा आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन दूरच्या कोरड्या माळावरून राहायला आला. माळावर नांगर फिरला होता आणि लपायला गवत उरले नव्हते. त्याआधीच्या हिवाळ्यात कडाक्याच्या थंडीने सशाचे वडील गेले होते. आता आईला तरी थंडी बाधू द्यायची नाही, एवढे एकच सशाच्या मनात होते.

माळावरचे ससे घरे बांधत नाहीत, गवतातच दबून राहतात. पण मेंढपाळ काठ्या रोवून, वर घोंगडी टाकून पाल कसे उभारतात, हे या सशाने पाहिले होते. त्याने कारवीच्या लवचिक काठ्या आणल्या, वेलींनी एकमेकींना बांधून त्यांची जाळी केली आणि ती गोल वाकवून उभी केली. वाऱ्याला धडक द्यायला कोपराच सापडू नये, म्हणून घर गोल. वरच्या काठ्या मध्यावर जिथे एकत्र येत होत्या, तिथे मोकळे भोक राहिले. खालच्या वाटेने मेंढ्या जात, त्यांची लोकर बोरीच्या काट्यांना अडकून राही. ससा ती वेचून आणी, ओली करी आणि मागच्या पायांनी तुडवत राही. तुडवून तुडवून तिची जाड चटई झाली की काठ्यांवर चढवी आणि तिच्यावर पळसाची पाने रचून घेई. पायांची सालटी निघाली, तरी तो थांबला नाही. घर पुरे झाले, तेव्हा आई आत शिरली, लोकरीला गाल लावून बसली आणि म्हणाली की इतकी ऊब तिला तिच्या आईच्या कुशीनंतर पहिल्यांदाच मिळाली.

मग पाऊस लागला. वरच्या भोकातून शिंतोडे येऊ लागले, तसे सशाने ते लोकरीने ठासून बंद केले. दाराची फटही बुजवली. जाण्यायेण्यापुरती जागा ठेवली, तिच्यावरही चटई सोडली. तरी काही दिवसांनी छतावरून थेंब टपकू लागले. सशाला वाटले, पाऊस कुठून तरी झिरपतो आहे. त्याने आणखी लोकर आणली, आणखी एक थर चढवला. थेंब वाढले. भिंती ओलसर झाल्या, त्यांच्यावर काळी बुरशी धरली आणि खालच्या मातीला कुबट वास येऊ लागला. आईला खोकला लागला. थोडा वेळ बाहेर बसू दे, असे ती सारखी म्हणे. ससा तिला समजावी, पांघरूण सारखे करी आणि दारावरची चटई आणखी घट्ट ओढून घेई. ती झोपली की तिच्या छातीतली घरघर ऐकत बसे. आपले कुठे चुकते आहे, हेच त्याला कळेना.

एका दुपारी चटईखालून अंग चोरत एक बेडूक आत आला. त्याने इकडेतिकडे पाहिले आणि भिंतीला टेकून समाधानाने डोळे मिटले. सशाने त्याला विचारले की असे न विचारता येणे कसे झाले.

"रागावू नका, ससेभाऊ," बेडूक म्हणाला. "पाऊस थांबून दोन दिवस झाले. बाहेर माझी कातडी सुकायला लागली होती. तुमच्या घरात मात्र अजून छान ओल आहे. पाऊस येईपर्यंत राहू द्या."

ससा चकित झाला. पाऊस थांबल्याचे त्याला ठाऊकच नव्हते. चारा आणायला तो पहाटे धुक्यात जाई आणि मान खाली घालून परत येई. त्याने वर पाहिले. छतावरून अजूनही थेंब पडत होते. पाऊस नव्हता, मग हे पाणी आले कुठून?

आई हळूच म्हणाली, "आपल्याच श्वासाचे पाणी आहे ते, बाळा. तू थंडी बाहेर ठेवलीस, पण आपला श्वासही आत कोंडलास."

"भोक उघडले तर थंडी आत येईल," ससा म्हणाला. "बाबांसारखे तुला..." त्याने आईचे पांघरूण सारखे केले.

"बाबा उघड्यावर गेले, हे खरे. पण मला असे कोंडून ठेवलेस, म्हणून ते परत येणार नाहीत."

ससा उठून बाहेर आला. मग तो छतावर चढला आणि भोकात ठासलेला बोळा दातांनी उपसून काढला. उन्हाची एक तिरीप थेट आईच्या अंगावर पडली. मग तो कामालाच लागला. लोकर उतरवून त्याने खडकावर वाळत घातली, बुरशी धरलेली फेकून दिली. बेडकानेही उगाच बसण्यापेक्षा बरे म्हणून घराभोवती पाणी वाहून जायला चर खणायला हात लावला. सशाने खाली दगड मांडले, त्यांवर कारवीच्या काठ्यांचा तळ घातला, म्हणजे जमिनीची ओल वर चढणार नाही. छताच्या भोकावर त्याने पानांचे इरले बसवले, पण टेकवून नव्हे, काठ्यांवर जरा उचलून. पाऊस इरल्यावरून ओघळून जाईल आणि श्वासाला बाहेरची वाट मिळेल. दाराशी खालच्या बाजूने पंजाएवढी फट त्याने मुद्दाम ठेवली.

पाऊस पुन्हा आला. खालच्या फटीतून गार झुळूक आत आली. ससा आईला चिकटून बसला. पण कोरडी लोकर उबदार होती आणि छत टपकत नव्हते. आईचा खोकला हळूहळू उतरला. पुढे एकदा बेडूक निरोप घ्यायला आला. या घरात आता कातडी तडकते, बाहेर पाऊस चांगला आहे, असे सांगून तो टुणटुण उड्या मारत निघून गेला. आई खळखळून हसली. ससा खोकल्याची वाट पाहत राहिला. खोकला आला नाही.

तात्पर्य : आपल्या माणसाला जपायचे म्हणजे भीतीपोटी चारी बाजूंनी कोंडायचे नव्हे, त्याला उबेइतकीच मोकळी हवाही लागते.