माठाची राखण

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते विचारू नका, मला वर्षं मोजता येत नाहीत. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी जास्त लक्ष देऊन ऐकावी, कारण यातला गाढवपणा मोठ्यांचा आहे.

एका डोंगराखाली एक गाव होतं. त्या गावाची एक रीत होती. कुणाला हगवण लागली की त्याला पाण्याचा थेंब द्यायचा नाही. घरातल्या माठावर घोंगडी टाकायची आणि सगळ्यात वयस्क माणसाने माठाला पाठ लावून राखणीला बसायचं. आजारी माणूस बरा झाला तर रीतीमुळे बरा झाला. मेला तर कुणीतरी चोरून पाणी पाजलं असणार. अशी ती रीत कधी हरतच नव्हती.

त्या गावात एका घरची चार वर्षांची पोर आजारी पडली. बाप बैल घेऊन लांबच्या बाजाराला गेलेला. घरात पोर, तिची आई आणि आजा. आजा माठाला पाठ लावून बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीचे डोळे खोल गेले. ओठ एकमेकांना चिकटले. आदल्या दिवशी ती “आई, पाणी” म्हणून ओरडत होती. आता नुसती बघत होती.

आई म्हणाली, “मामंजी, एक घोट देते.”

“नाही.”

“का नाही?”

सासरा दचकला. हा शब्द त्या घरात कुणी काढला नव्हता. “का म्हणजे? गळक्या मडक्यात पाणी ओततं का कुणी? जेवढं ओतशील तेवढं वाहून जाईल.”

सुनेला ते पटलं. मग पटेना. मडकं गळतंय आणि ते रिकामं होऊ द्यायचं नाही, तर ओतत राहण्याशिवाय दुसरं करायचं तरी काय? तिचा गोंधळ झाला. शेजारणीला पोरीजवळ बसवून ती वैद्याकडे धावली.

वैद्य खलात काहीतरी कुटत होता. म्हणाला, “आजार गरम, पाणी थंड. दोन्ही पोटात भेटले की आतडी तडकतात. तापल्या तव्यावर पाणी मारून बघ.”

“मग कोमट करून देऊ?”

वैद्याने बत्ता खाली ठेवला. “वैद्य तू की मी?”

तिथून ती गुरवाकडे गेली. गुरव म्हणाला, “देवीची बंदी आहे, बाई.”

“देवीने कुणाला सांगितलं?”

“माझ्या बापाला.”

“कधी?”

“ते बापाने सांगितलं नाही. जा आता, अपशकुनी कुठली.”

सून रस्त्यातच उभी राहिली. मडकं खरं, की तवा खरा, की देवी? कारणं तीन, आणि खात्री तिघांची सारखीच. खरं एक असतं, तर तिघांनी एकच सांगितलं नसतं का? की तिन्ही खरी आहेत, आणि आपल्यालाच अक्कल नाही? ती दोन पावलं घराकडे गेली, परत फिरली, पुन्हा थांबली.

तिथे चिंचेखाली गावचा म्हातारा दवंडीवाला ऊन खात बसला होता. इतका म्हातारा की लोक त्याला काही विचारायचेच नाहीत. सुनेने विचारलं, “आजोबा, आजाऱ्याला पाणी का देत नाहीत?”

“मी सांगितलं म्हणून.”

तिला वाटलं, याला भ्रम झालाय. “तुम्ही?”

“मीच ओरडलो. मिसरूडही फुटलं नव्हतं मला. त्या उन्हाळ्यात तळ्यात म्हशी मरून पडल्या, पाणी नासलं, ते पिऊन लोकांना हगवण लागली. तेव्हाचे पाटील म्हणाले, ओरड, आजाऱ्याला पाणी देऊ नका. मी ओरडलो.”

“पण आता आपण विहिरीचं पितो!”

“हो. विहीर खणली आणि तळं बुजवलं.”

“मग बंदी का नाही उठवली?”

“उठव असं कुणी सांगितलंच नाही. मी सांगितलेलं ओरडायचो.” मग म्हातारा खालच्या आवाजात म्हणाला, “आणि पुढे मलाही वाटायला लागलं, एवढं गाव पाळतंय म्हणजे काहीतरी असेल.”

सून घरी पळाली. सासऱ्याला सगळं सांगितलं आणि म्हणाली, “मामंजी, सरका.”

सासरा सरकला नाही. रागावलाही नाही. रस्ता चुकल्यासारखा तिच्याकडे बघत म्हणाला, “तुझ्या नवऱ्याआधी मला एक मुलगा होता. सात वर्षांचा. तीन दिवस पाणी पाणी करत होता. मी असाच बसलो होतो, इथेच.” त्याने माठावरची घोंगडी मुठीत धरली. “ही पोर पाणी पिऊन जगली, तर माझा तो कशाने गेला गं?”

सून म्हणाली, “मला नाही माहीत, मामंजी. पण ही अजून आहे.”

सासरा उठला नाही. सरकला मात्र. हातभर.

सुनेने पळीने पाणी पाजलं. पहिली पळी ओठांतून बाहेर आली, दुसरी ओकली. ती पाजतच राहिली. दुपार कलली तेव्हा पोरीने वाटी धरून स्वतःकडे ओढली.

गावाला आनंद झाला असेल असं वाटतं ना? छे. वैद्य म्हणाला, आजार हलका होता. गुरव म्हणाला, देवीने माफ केलं. सासरा महिनाभर कुणाशी बोलला नाही.

मग कुंभाराची बायको त्याच आजाराने पडली. सासरा भरलेली कळशी घेऊन त्यांच्या दारात गेला. कुंभार आडवा आला. “कुणी सांगितलं तुम्हाला पाणी आणायला?”

“कुणी नाही. माझं पोर तहानेने मेलं आणि राखण मी केली. चल, हो बाजूला.”

दारात जमलेल्यांपैकी कितीतरी जणांनी अशाच राखणी केल्या होत्या. कुंभार बाजूला झाला. त्याची बायको वाचली, आणि पुढे गाव आजाऱ्याला पाणी पाजू लागलं. पण तो म्हातारा मरेपर्यंत विचारत राहिला, “मी तेव्हाच का नाही विचारलं?” याचं उत्तर त्याला कुणी देऊ शकलं नाही.

म्हणून सांगतो, रीत कितीही जुनी असली तरी तिला “का” विचारा, आणि वेळेवर विचारा. उशिरा मिळालेलं उत्तर मेलेल्याला पाजता येत नाही.