सोनकीचा अबईचा वेल

एकदा असं झालं, बरं का. दोन डोंगर होते आणि मधे खोल दरी. दरीत कायम धुकं, दुधासारखं. अलीकडच्या डोंगरावर सोनकी आजोबांजवळ राहायची. तिची आई पलीकडे मध आणायला गेली, आणि मागे वाऱ्यानं दरीवरचा साकव मोडला. दुसरी वाटच नव्हती. आई पलीकडून हाक मारायची, सोनकी ओ द्यायची. पण हात काही पोचायचा नाही.

मग एकदा त्या धुक्यातून एक पांढऱ्या केसांची म्हातारी वर आली. तिनं सोनकीला अबईचे तीन दाणे दिले. म्हणाली, वेल वाढला तर पलीकडे पोचेल, पण दाणे एवढेच.

सोनकीला भारी घाई. पहिला दाणा तिनं घरातच अंधाऱ्या कोपऱ्यात लावला, पाखरांनी खाऊ नये म्हणून. कोंब भराभर आला, उंच झाला, पण पांढराफटक. ऊन बघितलंच नव्हतं ना त्यानं! मग तो वाकला नि आडवा झाला.

दुसरा तिनं अंगणात लावला. आईची आठवण आली की पाणी घालायची. आणि आठवण तर सारखीच यायची. दाणा मातीतच कुजला.

मग सोनकी कड्यावर बसून रडली. आईनं पलीकडून विचारलं, तेव्हा तिनं सगळं सांगितलं. आई जराही रागावली नाही.

"सोनके, माती हाताला उबदार लागेल तिथं लाव. बोटाला ओल लागली तर पाणी घालू नकोस. आणि माझी आठवण आली म्हणून उकरून बघू नकोस गं."

तिसरा दाणा सोनकीनं कड्यापाशी उन्हात लावला. आजोबांनी मातीत शेणखत मिसळलं, शेजारी काठी रोवली. सोनकीची बोटं नुसती शिवशिवत होती. पण नाही उकरलं तिनं. हात पाठीशी धरून बसून राहिली.

मग माती हलली. हिरवा कोंब वर आला, काठीला वेढे घालत चढला. ऊन पडलं की सरसर वाढायचा, ढग आला की सावकाश. काठी संपली तसा तो धुक्यावर टेकला आणि होडीसारखा तरंगत निघाला. जांभळी फुलं फुलत गेली, हातभर शेंगा लोंबल्या. आणि पलीकडे त्याचा शेंडा आईच्या हाताला लागला.

वेल डुलत होता, खाली धुकं होतं. आई त्याच्यावरून हळूहळू चालत आली. सोनकी धावत तिला बिलगली. आईनं तिला पोटाशी धरलं आणि तिच्या मातीनं भरलेल्या बोटांचे मुके घेतले.

मग त्या वेलावरून दोन्हीकडची माणसं येऊ-जाऊ लागली, आणि सगळी आनंदात राहिली. झालं. आता बोलायचं नाही. कूस वळा, डोळे मिटा, झोपा हं.